साधी गाठ

डाव्या कानाच्या पुढे, जबडा जिथे वळतो तिथे, काहीतरी आलंय हे माझ्या आधी माझ्या न्हाव्याला कळलं. धामणकर नाक्याजवळच्या त्याच्या दुकानात मी बरीच वर्षं दाढी करायला जातो. त्याने वस्तरा थांबवला, दोन बोटांनी चाचपून बघितलं आणि विचारलं, "सर, हे दुखतं का?" दुखत नव्हतं. खाजत मात्र होतं, आणि ती खाज मी घामावर ढकलून मोकळा झालो होतो.

पुढच्या वर्षभरात ती गाठ लिंबाएवढी झाली. गालात कायम पानाचा तोबरा धरलेल्या माणसासारखा मी दिसायला लागलो. मी भिवंडीत एका मराठी शाळेत शिकवतो. सुपारीचं खांडही न खाणाऱ्या मला आठवीच्या पोरांनी 'पानवाले सर' असं नाव ठेवलं. पोरांचा राग आला नाही. त्यांनी निदान जे दिसत होतं त्याला नाव तरी दिलं. स्टाफरूममध्ये सगळे माझ्या उजव्या बाजूला बसून बोलायला लागले होते, त्याचा त्रास जास्त व्हायचा.

आईने बघताक्षणी 'गंडमाळ' म्हटलं. हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही, पण तिच्या पिढीला तो पुरेसा होता. मानेला, जबड्याखाली गाठी येणं म्हणजे गंडमाळ, आणि गंडमाळ म्हणजे क्षय. आमच्या भागातल्या डॉक्टरांनी वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. सुईने पाणी काढून तपासलं, तर लसीकाग्रंथी सुजली आहे, पेशी वाढल्या आहेत, टीबी नाकारता येत नाही, असा मोघम अहवाल आला. डॉक्टर म्हणाले, "सर, आपल्या गावात गाठ दिसली की मी आधी टीबीच धरतो. औषध सुरू करू, गाठ उतरली की कळेलच." दोन महिने मी टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. लघवी नारिंगी झाली, तोंडाची चव गेली, गाठ जागची हलली नाही.

या डॉक्टरांना दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे. फुप्फुसाबाहेरच्या टीबीत ग्रंथींचा टीबी सगळ्यांत जास्त आढळतो. त्यात हे यंत्रमागांचं गाव: बंद खोल्या, हवेत कापसाचे तंतू, बारा-बारा तासांच्या पाळ्या, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा माणसं. अशा गावात गाठ म्हणजे टीबी असं धरून चालणारा डॉक्टर बहुतेकांच्या बाबतीत बरोबर ठरतो आणि वेळेवर बरोबर ठरतो. एखाद्याच्या बाबतीत तो चुकतो. तो एखादा मी होतो. बहुतेकांना वाचवणाऱ्या नियमाची किंमत कुणीतरी चुकवतंच, आणि दोन महिन्यांची नारिंगी लघवी ही काही मोठी किंमत नव्हे. मला छळणारा प्रश्न त्यानंतर आला, जेव्हा निदान अगदी बरोबर झालं.

मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात गाठीचा तुकडा काढून तपासला. तीन आठवड्यांनी अहवाल आला. तो वाचताना तरुण डॉक्टरच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता. रोज वाईट बातम्या सांगणाऱ्या माणसाला चांगली बातमी सांगायला मिळाली की होतो तसा. "कॅन्सर नाही. टीबीही नाही. किमुरा म्हणून एक दुर्मीळ प्रकार आहे. साधी गाठ आहे सर, सुटलात."

किमुरा रोगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो माझ्याप्रमाणेच बहुतेक वाचकांनी ऐकलेला नसेल. १९३७ साली चीनमध्ये किम आणि स्झेटो या दोघांनी अशा सात रुग्णांची नोंद केली होती. १९४८ मध्ये जपानमध्ये किमुरा आणि सहकाऱ्यांनी तो पुन्हा सविस्तर मांडला, आणि नाव किमुरांचं पडलं. पहिल्या दोघांची नावं तळटिपेत गेली. हा मुख्यत्वे आशियातल्या तरुण पुरुषांना होतो. कानाच्या पुढेमागे, गालात, जबड्याखाली, लाळेच्या ग्रंथींजवळ न दुखणारी सूज येते आणि शेजारच्या लसीकाग्रंथी वाढतात. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात आणि आयजीई हे प्रतिद्रव्य भरमसाट होतं. या पेशी आणि हे प्रतिद्रव्य शरीर एरवी जंतांशी आणि ॲलर्जीशी झुंजताना वापरतं. म्हणजे कुठलाही शत्रू सापडत नसताना शरीर गालात छावणी टाकून बसतं. ते का, याचं पक्कं उत्तर नाही. (हे निदान होण्याआधी नुसतं रक्त बघून मला जंताच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि खबरदारी म्हणून बायकोला आणि पोरीलाही. घरात किमुराचा फायदा झाला असेल तर तेवढाच.) काहींच्या मूत्रपिंडावर परिणाम होतो, म्हणून लघवीतली प्रथिनं तपासत राहावी लागतात. माझी ठीक होती. हा रोग कर्करोगात बदलत नाही, जीव घेत नाही. स्टेरॉइडने गाठ उतरते, औषध थांबवलं की बऱ्याचदा परत येते. कापून काढली तरी परत येऊ शकते.

तर, साधी गाठ. वैद्यकात गाठींची पहिली विभागणी होते ती मारणाऱ्या आणि न मारणाऱ्या अशी, आणि ती योग्यच आहे. पण त्या विभागणीत मोजमाप एकच आहे: मरण. ज्याला त्या चेहऱ्याने रोज भाजी आणायला जायचंय, त्याच्या बाजूने 'साधी' या शब्दात काहीच मोजलेलं नसतं. डॉक्टरने मला त्याच्या मोजपट्टीवरचं उत्तर दिलं आणि ते खरं होतं. गडबड अशी झाली की घरीदारी सगळ्यांनी ते माझ्या मोजपट्टीवरचं उत्तर धरलं.

आपल्याकडे 'जिवावरचं बोटावर निभावलं' असं म्हणतात. ते मला महिनाभर ऐकावं लागलं. मामा म्हणाला, देवाला नारळ फोड. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, लोकांना काय काय होतं." सासऱ्यांनी त्यांच्या ओळखीतल्या तिघांचे कॅन्सर क्रमवार सांगितले. माझ्या बाबतीत जिवावरचं तोंडावर निभावलं होतं, आणि तोंड म्हणजे बोट नव्हे, हे सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर मी कृतघ्न ठरलो असतो.

तोंड म्हणजे बोट नव्हे, हे आपली भाषा पुरतं जाणते. तोंड दाखवायला जागा राहत नाही, तोंड लपवावं लागतं, तोंड काळं करून माणूस निघून जातो, कोणत्या तोंडाने सांगू असं विचारतो, नाक कापलं जातं. मराठीत अब्रूचा पत्ता चेहऱ्यावरच लिहिलेला आहे. त्यामुळे चेहऱ्याला काही झालं की या सगळ्या वाक्प्रचारांतला अपराध न केलेल्या माणसालाही येऊन चिकटतो. पाठीवर लिंबाएवढी गाठ असती तर तो माझा आजार राहिला असता. गालावर आल्यामुळे ते माझं वर्तन झालं. 'हा तोबरा भरतो', 'याला दात किडायचंही भान नाही', 'काहीतरी संसर्गाचं असेल'. लोकलमध्ये कल्याणपर्यंत शेजारची जागा रिकामी राहायची. ऐन गर्दीत जागा मिळण्याचं सुख मी काही महिने भोगलं.

तरीही, मी तक्रार करावी का, हा प्रश्न मला खरोखरच पडला होता. याचं कारण ते टीबीचे दोन महिने. त्या काळात मी गोळ्या घ्यायला सरकारी केंद्रावर जायचो. तिथल्या बाकावर एक मागावर काम करणारा मुलगा भेटायचा. आझमगडकडचा, पंचविशीचा, फुप्फुसाचा टीबी. बिशीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, त्याचं ताट वेगळं केलं होतं, म्हणून तो बिशी बदलून तिसऱ्या गल्लीत जेवायला जायचा आणि तिथे कुणाला काही सांगत नव्हता. सेठलाही सांगितलं नव्हतं. पाळी बुडाली तर पैसे बुडणार. सरकारकडून पोषणासाठी महिन्याला पाचशे रुपये मिळायचे, ते खात्यात आले की नाही हे तो मला मोबाइलवर बघायला लावायचा. अशा माणसाशेजारी बसून 'मला चांगलं दिसत नाही' याचं दुःख करायचं? आपल्या दुःखांची उतरंड असते आणि वरच्या मडक्याने खालच्यापुढे गळू नये, असं मला मनापासून वाटायचं.

माझा टीबी नव्हताच, हे कळल्यावर मी एकदा मुद्दाम त्याला भेटायला गेलो. कशासाठी, हे मला नीट सांगता येणार नाही. बहुधा माफी मागायला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्टरजी, आप बच गए. लेकिन मेरा तो रुमाल में छुप जाता है. आप का कहाँ छुपेगा?"

त्याच्या या वाक्याने माझी उतरंड कोसळली. एक गोष्ट मला त्यामुळे नीट दिसली. मी कृतज्ञ असलं पाहिजे, गप्प असलं पाहिजे, ही मागणी घेऊन माझ्यापेक्षा जास्त आजारी माणूस एकदाही आला नव्हता. मागणारे सगळे धडधाकट होते. मोठ्या दुःखाचा दाखला देऊन लहान दुःखाला गप्प करणारे लोक त्या मोठ्या दुःखाच्या वतीने बोलत नसतात. सासऱ्यांनी त्या तिघा कॅन्सरवाल्यांपैकी एकालाही रुग्णालयात जाऊन भेट दिलेली नव्हती, हे मला नंतर कळलं. दुसऱ्याचा कॅन्सर त्यांना माझ्यासमोर वापरायला लागत होता, इतकंच. मी हे जरा कडवटपणे लिहितोय याची मला कल्पना आहे. त्यांना माझी काळजी होती आणि काळजी संपल्याचा आनंद होता. काळजी संपली की माणसाला दुसरं काही ऐकायची इच्छा राहत नाही. हे माझ्याही हातून झालं आहे. शाळेतल्या एका मुलीचा हात मोडला तेव्हा 'डावाच आहे ना' असं मीच म्हणालो होतो.

इथवर प्रश्न सहानुभूतीचा होता. सहानुभूती अशी वस्तू आहे की ती एकाला दिली म्हणून दुसऱ्याची कमी होतेच असं नाही. खरा पेच शस्त्रक्रियेपाशी आला, कारण खाट आणि ऑपरेशन थिएटर एकाला दिलं की दुसऱ्याला मिळत नाही.

स्टेरॉइडने गाठ अर्धी झाली, थांबवताच परत भरली. सर्जन म्हणाले, काढता येईल. मग त्यांनी कागदावर आकृती काढून दाखवलं: कानापुढच्या लाळग्रंथीतून चेहऱ्याची नस जाते आणि आतच तिला पाच फांद्या फुटतात. डोळा मिटणं, कपाळ उचलणं, ओठ हलणं, हसणं, सगळं तिच्याकडे. गाठ काढताना ती दुखावली तर चेहऱ्याची ती बाजू लुळी पडते, बहुतेकांची काही आठवड्यांनी-महिन्यांनी सुधारते, काहींची नाही. आणि एवढं करून गाठ परत येणार नाही याची हमी नाही. म्हणजे चेहऱ्यासाठी चेहराच पणाला लावायचा. बायको म्हणाली, "तुला स्वतःला कसं वाटतं ते सांग, लोकांचं सोड." पण चेहरा ही अशी एकच वस्तू आहे जी माझी असून मला दिसत नाही, लोकांनाच दिसते. लोकांचं सोडल्यावर उरतं काय?

खासगी रुग्णालयात करावं म्हणून विम्याची चौकशी केली. फोनवरच्या मुलीने अतिशय नम्रपणे विचारलं, "सर, ही कॉस्मेटिक सर्जरी आहे का?" मी म्हणालो, गाठ आहे. ती म्हणाली, "पण साधी आहे ना?" विमा नियामकाने २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी अपवादांची भाषा एकसारखी केली. त्यानुसार रूप बदलण्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना असेल, किंवा प्रकृतीला थेट आणि तातडीचा धोका दूर करायचा असेल, तरच मिळतो. माझ्या फायलीत डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की धोका नाही. पत्रापत्री करून लढता आलं असतं. मी लढलो नाही.

चेहऱ्याची दुरुस्ती म्हणजे हौस, ही समजूत आपल्या भागात तरी जुनी नाही. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक चित्र आणि वृत्तांत छापून आला. कावसजी नावाचा मराठा, इंग्रजी फौजेचा बैलगाडीवान, टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला होता आणि त्याचं नाक आणि एक हात कापला होता. तो वर्षभर बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या वीटकाम करणाऱ्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि युरोपातल्या प्लास्टिक सर्जरीला त्या लेखाने नवी दिशा मिळाली. ही हकिकत कारागिरीचं कौतुक म्हणून नेहमी सांगतात. मला तिच्यातलं वेगळंच दिसतं. गेलेल्या हाताचं कुणी काही केलं नाही, करता येण्यासारखंही नव्हतं. नाक परत आलं. नाक नसल्याने माणूस मरत नाही. कावसजी वर्षभर जगलाच होता. त्या विटा भाजणाऱ्या माणसाने 'साधी जखम आहे, जिवावरचं टळलं' असं म्हटलं नाही. अठराव्या शतकातल्या पुण्याला हे समजत होतं की नाक कापणाऱ्याने जीव सोडून दुसरं काहीतरी घेतलं आहे आणि ते परत देणं हे वैद्यकाचं काम आहे.

नंतरच्या काळातलं उदाहरण डॉ. नोशीर अँटिया यांचं. इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे शिकून आलेले, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या प्लास्टिक सर्जरीशी ज्यांचं नाव जोडलं गेलं आहे असे सर्जन. त्यांनी आपलं कसब लावलं ते कुष्ठरुग्णांच्या बसलेल्या नाकांना, गेलेल्या भुवयांना आणि वाकड्या बोटांना. औषधाने जंतू मेलेले असायचे. वैद्यकाच्या हिशेबात माणूस बरा. पण बसकं नाक घेऊन तो गावात गेला की गावाच्या हिशेबात तो रोगीच. भुवया हा तर निव्वळ रूपाचा भाग, त्यांच्यावाचून काही अडत नाही. त्या परत लावल्या तर माणूस एसटीत बसू शकत होता. यात सर्जनचा वेळ 'वाया' गेला असं कोण म्हणेल? त्या वेळी जे. जे.मध्ये मरणाऱ्यांची कमतरता होती असंही नाही.

कायद्यालाही हे अर्धवट कळलेलं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत कुष्ठरोगातून बरी झालेली व्यक्ती आहे आणि ॲसिडहल्ल्यात विद्रूप झालेली व्यक्ती आहे. दोघांच्याही बाबतीत रोग वा हल्ला होऊन गेलेला आहे, उरलेली खूण हीच अडचण मानली आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्याने पुढची पायरी गाठली. तिथे गंभीर विद्रूपता असेल तर रोजच्या कामात अडथळा येतो हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही, मग कारण रोग असो वा हल्ला. आपल्याकडे चेहरा मोजायचा तर त्यामागे गुन्हेगार तरी लागतो किंवा कुष्ठरोगासारखा जुना कलंक. विनाकारण आलेल्या गाठीला यादीत जागा नाही. माझ्या लिंबाएवढ्या सुजेसाठी मी दिव्यांगाचं प्रमाणपत्र मागत नाही, तो आचरटपणा होईल. पण रेषा कुठे ओढली आहे ते बघण्यासारखं आहे.

तर मी सरकारी रुग्णालयाच्या यादीत नाव घातलं. पहिल्या तारखेला उपाशीपोटी, गाऊन घालून बसलो असताना रेसिडेंट डॉक्टर आली. जिभेच्या कॅन्सरचा एक रुग्ण घ्यावा लागतोय, तुम्ही तीन आठवड्यांनी या. मी तत्काळ हो म्हणालो. परतताना लोकलमध्ये मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं, हे कबूल करतो. दुसऱ्या तारखेला पुन्हा तेच. या वेळी रुग्ण माझ्यासमोरच होता, गुटख्याने तोंड दीड बोटापलीकडे न उघडणारा, माझ्याच वयाचा. पुन्हा हो. या वेळी लोकलमध्ये तितकं बरं वाटलं नाही. शाळेत पुन्हा रजा मागायची होती, आणि मुख्याध्यापकांनी विचारलं, "अजून तेच चाललंय?"

मरणाच्या जवळ असलेल्याला आधी घ्यावं, या नियमाशी माझं भांडण नाही. त्या दोघांच्या जागी मला कुणी आधी घेतलं असतं तर ते चूक ठरलं असतं. पण आपल्या देशातल्या सरकारी रुग्णालयात माझ्या पुढे मरणाच्या जवळ असलेला कुणीतरी रोजच असणार. नियम तेवढाच असेल तर रांगेचा शेवट कधी येतच नाही. रांगेत शेवटी उभं करणं न्याय्य आहे. शेवटी उभं केलेल्याची पाळीच येऊ नये अशी रांग चालवणं, आणि वर त्याला 'तुमचं काय, साधंच तर आहे' म्हणणं, हे त्याला रांगेतून काढून टाकणंच आहे. त्याचं नाव मात्र यादीत राहतं, म्हणून कुणालाच तसं वाटत नाही. अँटियांनी कुष्ठरुग्णांच्या भुवयांना दिलेली वेळ कुठल्यातरी दुसऱ्या कामातून काढलेली असणारच. ती तशी काढून राखून ठेवणं, हा निर्णय कुणीतरी आधी घ्यावा लागतो. तो सकाळी साडेसात वाजता, रात्रभर न झोपलेल्या रेसिडेंटवर आणि गाऊनमधल्या रुग्णाच्या भलेपणावर सोडून चालत नाही.

माझा भलेपणा तिसऱ्या तारखेला संपला. रेसिडेंट यादी घेऊन आली, म्हणाली, आज दोनपैकी एकच होईल. मी काही बोललो नाही. हो म्हणालो नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या खाटेकडे. तिथे कॅन्सरचा रुग्ण नव्हता. एक बाई होत्या, गळ्यावर थायरॉइडची मोठी गाठ, तीही साधी. त्या चटकन म्हणाल्या, "ह्यांना घ्या ताई, मी येईन परत." शहापूरकडून दोन गाड्या बदलून आल्या होत्या. मी तरीही काही बोललो नाही, आणि मला आत नेलं. इतकी मांडणी करून शेवटी मी ज्यांच्या पुढे गेलो त्या माझ्यासारख्याच होत्या, आणि त्यांच्या गाठीला लोक काय म्हणत असतील ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.

शस्त्रक्रिया चांगली झाली. सहा आठवडे डावा डोळा पूर्ण मिटत नव्हता, रात्री पट्टी लावून झोपायचो. हसलो की तोंड उजवीकडे ओढलं जायचं. आठवीची पोरं नववीत गेली होती. नवीन पोरांनी नवीन नाव ठेवलं, ते इथे लिहीत नाही. मग हळूहळू सगळं जागेवर आलं, कानाखालचा भाग तेवढा अजून बधिर आहे. दोन-अडीच वर्षं कुणी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. ते सुख काय असतं हे ज्यांच्याकडे कुणी बघत नाही त्यांना समजावणं अवघड आहे.

गेल्या पावसाळ्यात दाढी करताना न्हाव्याचा हात व्रणाच्या खाली थांबला. तो काही बोलला नाही, मीच विचारलं, "आहे का?" म्हणाला, "वाटाण्याएवढं आहे. बाजूने घेतो." रक्त तपासलं, इओसिनोफिल पुन्हा वाढलेले आहेत. सध्या थांबून बघायचं ठरलं आहे. दर तीन महिन्यांनी जाऊन टोकन घ्यायचं, बाकावर बसायचं.

मागच्या खेपेला शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, घशाला नळी लावलेली. त्यांच्या मुलाने विचारलं, "तुम्हाला काय झालंय?" माझ्या तोंडावर नेहमीचं उत्तर आलं होतं, काही नाही, साधी गाठ आहे.

"गाठ आहे," मी म्हणालो. "काढली होती, परत आलीय."

म्हाताऱ्यांनी हाताने मला जवळ यायची खूण केली, मान वळवून माझा डावा गाल नीट बघितला, आणि आपल्या पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली. आमचं टोकन अजून बरंच लांब होतं.